दांडा 3.18 मिमी: बारा मिनीफिगर्सच्या शस्त्रांचं एक प्रकरण

एका संग्राहकाला किल्ल्याच्या दारात उभी करायला बारा पहारेकऱ्यांची तुकडी हवी होती. मिनीफिगर्स, म्हणजे विटांसोबतची प्लास्टिकची छोटी माणसं, लेगोच्याच होत्या, मात्र शस्त्रं आणि शिरस्त्राणं मूळ संचात मिळतात त्यापेक्षा वेगळी हवी होती. एका स्वतंत्र विक्रेत्याकडे मागणी गेली ती अशी: तुऱ्याची 12 शिरस्त्राणं, 12 भाले, 6 गोल ढाली, गळ्यात अडकवायचे 4 भाते, 6 तलवारी आणि 12 कापडी अंगरखे. तलवारी साच्यात ओतलेल्या एबीएस प्लास्टिकच्या होत्या. बाकी कडक वस्तू रेझिनच्या, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकच्या, थ्रीडी प्रिंट केलेल्या, राखाडी रंगाच्या आणि न रंगवलेल्या. जादा नग एकही मागवला नाही, नमुन्याचाही नाही.

माल आल्यावर पहिल्या चार पहारेकऱ्यांचं सगळं सामान धुतलं, स्प्रेनं अस्तर (प्रायमर) मारलं, ब्रशनं रंगाचे दोन हात दिले, वर मॅट वॉर्निश मारलं. टेबलावर वाळत ठेवलेलं काम देखणं दिसत होतं. बिघडलं ते शस्त्रं हातात देताना. एक भाला मुठीत जाताना मधोमध मोडला. दुसरा गेला, पण दांड्यावरचा तपकिरी रंग सालीसारखा सोलत मुठीच्या तोंडाशी गोळा झाला. एका मुठीला पांढुरका ताण दिसू लागला, दुसरी चिरली. दोन शिरस्त्राणं डोक्यावर अर्धीच उतरली, तर एक नुसत्या धक्क्यानं पडत होतं. या चारांची चूक शोधून उरलेल्या आठांचं काम वेगळ्या क्रमानं झालं. या प्रकरणात शिकण्यासारखं आहे ते त्या क्रमात.

मापाचं गणित

लेगोची मापं 1.6 मिमीच्या पाढ्यात बसतात. प्लेटची, म्हणजे पातळ विटेची, जाडी 3.2, स्टडचा, म्हणजे विटेवरच्या गोल उंचवट्याचा, व्यास 4.8, एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 8, विटेची उंची स्टड सोडून 9.6. मिनीफिगर 1978 साली आली. तिची मूठ म्हणजे एका बाजूनं उघडी अशी कडी, आणि ती धरते तो दांडा कागदावर 3.2 मिमीचा, प्रत्यक्षात 3.18. हे अंतर शंभराव्या भागातलं असलं तरी मुठीला ते कळतं. दांडा 3.10 चा असेल तर भाला हळूहळू खाली घसरतो. 3.25 च्या पुढे गेला की मूठ ताणली जाते, आणि एकदा कायमची उघडली की मूळ कंपनीचा दांडाही नीट धरत नाही.

आता रंग. मॉडेलसाठीचा अॅक्रिलिक रंग पातळ हातानं मारला तर वाळल्यावर एका हाताची जाडी साधारण 0.02 ते 0.03 मिमी राहते. अस्तर, रंगाचे दोन हात आणि वॉर्निश असे चार थर धरले तर एका बाजूला 0.1 मिमी. दांडा गोल, म्हणजे व्यासात 0.2 ची भर. 3.18 चा अगदी अचूक दांडाही रंगवल्यावर 3.38 चा होतो. पहिल्या चार भाल्यांचे दांडे मुळातच 3.3 च्या आसपास होते आणि ब्रशचा हात स्प्रेपेक्षा जाड बसतो. रंगवल्यानंतर त्यांच्यावर कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावला तर 3.55 पर्यंतचे आकडे आले. एवढ्या जाडीला मुठी चिरणारच.

म्हणून कस्टम ऍक्सेसरी विकत घेताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा नक्षीचा नसावा. जिथे वस्तू मिनीफिगरला पकडते त्या जागेचं माप काय आणि ते न रंगवता दिलंय की रंगाची जागा सोडून, हे विचारावं. चांगला विक्रेता याचं उत्तर लगेच देतो. उत्तर टाळलं गेलं, किंवा जाहिरातीत फक्त संगणकावर काढलेलं चित्र असून खऱ्या नगाचा फोटो नसला, तर आधी एकच नग मागवावा.

आठांची तपासणी

उरलेल्या आठांचं सामान पुन्हा पसरलं. पहिली गोष्ट केली ती गेज, म्हणजे माप तपासायची भोकांची पट्टी, बनवण्याची. 2 मिमी जाड प्लास्टिकच्या पट्टीत 3.2 मिमीच्या ड्रिल बिटनं हातानं फिरवत भोक पाडलं आणि मूळ कंपनीचा दांडा त्यातून घालून पाहिला: किंचित घासत, पण जोर न लावता जायला हवा. याच पट्टीत 3.0 चं दुसरं भोक: त्यातून गेला तर दांडा फार बारीक. डिजिटल कॅलिपर हवाच, पण दांडा सगळीकडे सारखा आहे की नाही हे गेज एका फटक्यात सांगतं.

आठ भाल्यांपैकी एकच 3.2 च्या भोकातून सबंध गेला. कॅलिपरनं मोजताना कारणही दिसलं. दांडे गोल नव्हतेच. एका दिशेनं 3.22, काटकोनात फिरवून 3.36. रेझिनचा प्रिंट तिरपा ठेवून छापला की खालच्या बाजूला प्रकाश ठरलेल्या थराच्या पलीकडे झिरपतो आणि तिथलं रेझिन जादा घट्ट होतं. शिवाय ज्या बाजूला आधाराच्या काड्या असतात तिथे त्या तोडल्यावर बारीक पुटकुळ्या उरतात. म्हणून दांडा एकाच जागी मोजून चालत नाही. तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा.

दोन भाले वाकलेलेही होते. वाकलेलं रेझिन गार असताना सरळ करायला जाऊ नये, काचेसारखं तुटतं. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर बुडवून, मऊ झाल्यावर सपाट फरशीवर बोटांनी लोळवलं आणि तसंच धरून गार पाण्यात घातलं. एक पूर्ण सरळ झाला, दुसऱ्यात हलकी कमान राहिली. त्याला पुन्हा एकदा तेच केलं.

शिरस्त्राण मिनीफिगरच्या डोक्यावरच्या 4.8 मिमीच्या स्टडवर बसतं. आठांपैकी तिघांची आतली खोबण 4.65 ते 4.70 होती, म्हणजे घट्ट. दोघांची 4.9 च्या पुढे, म्हणजे सैल. बाकी तीन ठीक.

आणि वास. तीन शिरस्त्राणांना अजून कच्च्या रेझिनचा उग्र वास येत होता आणि तुऱ्याच्या बुडाशी बोट किंचित चिकटत होतं. असं सामान उघड्या हातानं हाताळू नये. न पिकलेल्या, म्हणजे प्रकाशात पुरतं घट्ट न झालेल्या, रेझिनची त्वचेला अॅलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की ती सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. हे तीन नग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रशनं धुतले, पूर्ण वाळू दिले, मग 405 नॅनोमीटरच्या दिव्याखाली प्रत्येक बाजूनं काही मिनिटं पिकवले. दिवा नसेल तर ऊनही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. ओल्या अल्कोहोलसकट कधीच पिकवू नये, पृष्ठभाग पांढुरका होतो. फार वेळही ठेवू नये, रेझिन पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं.

त्यातल्या एका तुऱ्यानं मात्र दगा दिला. तुरा आतून पोकळ छापलेला होता आणि रेझिन बाहेर पडायला भोकच ठेवलेलं नव्हतं. आत कच्चं रेझिन अडकलेलं. अशी वस्तू वरून कितीही पिकवली तरी आतला द्रव हळूहळू दाब आणतो आणि एक दिवस रंगासकट तडा जातो. तुऱ्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला 1 मिमीचं भोक पाडलं, अल्कोहोल आत सोडून दोनदा खळबळून काढलं, वाळवलं, पुन्हा पिकवलं आणि भोक पुटीनं बुजवलं. विक्रेत्याला विचारायच्या प्रश्नांत हा एक हवा: वस्तू भरीव आहे की पोकळ, आणि पोकळ असेल तर भोक कुठे आहे.

दांडे घासणं

आधी सरळ हिशेब केला. अस्तर, रंग, वॉर्निश सगळं दांड्यावर हवं असेल तर दांडा 2.98 पर्यंत उतरवावा लागेल. म्हणजे 3.36 मधून जवळपास 0.4 मिमी काढायचा. रेझिनचा एवढा बारीक दांडा इतका घासला की कमकुवत होतो. त्यामुळे दुसरा मार्ग घेतला. मूठ जिथे धरते तेवढीच पट्टी कोरी ठेवायची आणि तिथे 3.18 आणायचे. बाकी दांडा 3.1 च्या आसपास उतरवून त्यावर रंग. कोरी पट्टी मुठीच्या आत झाकली जाते, म्हणून ती मुठीच्या उंचीपेक्षा वर-खाली केसभरच जास्त ठेवायची.

घासताना पॉलिश पेपर ओला. 400 नंबरनं पुटकुळ्या आणि लंबगोलपणा काढला, 600 नं माप आणलं, 1000 नं गुळगुळीत केलं. कागदाची पट्टी दांड्याभोवती गुंडाळून, चिमटीत धरून दांडा फिरवायचा. नुसता पुढे-मागे घासला तर लंबगोल तसाच राहतो. ओलं घासण्याचं कारण फक्त गुळगुळीतपणा नाही. रेझिनची धूळ श्वासात जाता कामा नये, त्यामुळे मास्कही हवा आणि ते पाणी पुसून घेतलेला कागद वेगळा टाकायला हवा. दर थोड्या वेळानं गेजमधून दांडा घालून बघायचा. 600 वर असताना घाई झाली की 0.05 मिमी पटकन जातं, आणि गेलेलं माप परत येत नाही.

असं करतानाही एक भाला तुटला. जोड देता येतो: दोन्ही तोंडांत 1 मिमीचं भोक, मध्ये 0.8 ची पितळी तार, सुपरग्लू. पण तो जोड मुठीच्या जागी येत असेल तर टिकत नाही. इथे तो नेमका तिथेच होता. जादा नग नसल्यामुळे त्या पहारेकऱ्याच्या हाती भाल्याऐवजी तलवार आली.

आमचं ठाम मत असं की भाल्याचा सबंध दांडा रेझिनचा घेऊच नये. फक्त पातं छापून घ्यावं, त्याच्या बुडाला 3.2 मिमीची खोबण मागावी आणि दांडा म्हणून मूळ कंपनीचाच लांब बार, म्हणजे तिची सुटी गोल काडी, वापरावा. तो तपकिरी रंगात मिळाला तर रंगवायचं कामही उरत नाही. मॉडेलच्या सामानात मिळणारी 1/8 इंचाची पॉलिस्टायरीन काडीही चालते, कारण 1/8 इंच म्हणजे 3.175 मिमी. हे प्लास्टिक थोडं वाकतं, रेझिन तुटतं.

शिरस्त्राणं आणि ढाली

घट्ट खोबणीसाठी 4 मिमीच्या लाकडी काडीला 600 चा कागद एक वेढा गुंडाळून चिकटवला आणि हातानं फिरवत खोबण मोठी केली. ड्रिल मशीन वापरू नये, खोबणीचा काठ क्षणात उडतो. चाचणी नेहमी एखाद्या जुन्या, खरवडलेल्या डोक्यावर करावी, छापील चेहऱ्याच्या नव्या डोक्यावर नको.

सैल खोबणीला आतून पारदर्शक अॅक्रिलिक वॉर्निशचा एक हात, वाळू द्यायचा, पुन्हा बघायचं. दोन हातांत दोन्ही शिरस्त्राणं घट्ट झाली. सुपरग्लूचा थर देणारेही आहेत, पण त्याची वाफ आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरी धूसर झाक सोडते आणि तो पुरता सुकायच्या आत डोक्यावर घातला तर शिरस्त्राण आणि डोकं कायमचे एक होतात.

रंगवताना टूथपिकच्या टोकाला मास्किंग टेप इतकी गुंडाळली की ती खोबणीत घट्ट बसली. यानं दोन कामं झाली: धरायला दांडी मिळाली आणि खोबणीत रंग जायचा थांबला. पहिल्या चारांत एवढंच राहून गेलं होतं. तिथे खोबणीच्या आत अस्तर गेलं आणि ठीक बसणारी शिरस्त्राणंही घट्ट झाली.

अस्तर 20 ते 25 सेंटीमीटरवरून, हात थांबू न देता, दोन धुक्यासारख्या पातळ फेऱ्यांत. हवा दमट असेल तर स्प्रे करू नये, वॉर्निश तर मुळीच नाही: ओलावा थरात अडकतो आणि सगळं पांढुरकं दिसतं. शिरस्त्राणांवर आधी काळा, त्यावर चंदेरी. धातूच्या रंगावर मॅट वॉर्निश मारलं की चमक मरते, म्हणून चंदेरी भागाला सॅटिन आणि तुऱ्याला मॅट. कडांना कोरड्या ब्रशनं फिकट चंदेरी, खाचांत पातळ केलेला काळा. एवढ्या लहान वस्तूवर खाचांतली सावली नसेल तर नक्षी हातभर अंतरावरून दिसतच नाही.

ढालींची अडचण वेगळी होती. मागची मूठ धरायची दांडी बरोबर 3.2 ची होती, पण ढालीचा मागचा पृष्ठभाग आणि दांडी यांच्यातली फट फार अरुंद. तिथे अस्तर साचलं की मिनीफिगरची मूठ आतच जात नाही. बारीक कानशीनं फट मोकळी केली आणि मागच्या बाजूला रंग दिलाच नाही, फक्त राखाडी रेझिनवर तपकिरी पाण्यासारखा पातळ हात.

पुढच्या बाजूला पाण्यानं चिकटवायची डिकॅल, म्हणजे चिन्ह छापलेली पातळ पारदर्शक चकती, होती, साध्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून गडद ढालीवर चिन्ह नाहीसं होतं. आधी तेवढ्या जागी पांढरा गोल रंगवला. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, तेव्हा छापल्यावर शीटवर पारदर्शक स्प्रेचे दोन हात देऊन ते वाळू दिले. ढालीवर चकचकीत वॉर्निश, मग डिकॅल. खरबरीत मॅट पृष्ठभागावर लावली तर खाली हवा अडकते आणि चंदेरी चट्टे दिसतात. ढाल फुगीर असल्यानं डिकॅलच्या काठाला चार ठिकाणी बारीक काप दिले, ओल्या ब्रशनं दाबून बसवली, आणि शेवटी मॅट वॉर्निशनं सगळ्यावर एकच पोत आणला.

तलवारींना फार काही लागलं नाही. साच्याच्या तोंडाशी राहिलेला गाठीचा ठिपका कटरनं कापला, साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन साच्याचं तेल काढलं, पात्याच्या खाचेत काळा पातळ रंग, आडव्या पट्टीला सोनेरी. मुठीला रंग नाही. एबीएसवर अॅसिटोन कधीही नको, ते प्लास्टिकच विरघळवतं.

मानेवरची गर्दी

भाता गळ्यातल्या कडीनं अडकतो, अंगरखाही मानेतूनच जातो. दोन्ही एकदम घातले की डोकं मानेच्या खुंटीवर पुरेसं खाली उतरत नाही आणि शिरस्त्राणाचं वजन पडलं की कलतं. चार भातेवाल्यांपैकी दोघांचं डोकं असं डुलत होतं. उपाय म्हणून भात्याची कडी खालून 600 च्या कागदावर घासून पातळ केली आणि अंगरखा आधी, भाता त्यावर असा क्रम ठेवला. उलट क्रमात कापड कडीवर चढतं आणि सुरकुतलेलं दिसतं. अंगरख्याच्या भोकांच्या कडा सुटू नयेत म्हणून पांढरा गोंद तेवढ्याच पाण्यात मिसळून टूथपिकनं फक्त काठाला लावला. सबंध कापडाला लावला असता तर ते पत्र्यासारखं ताठ झालं असतं.

पहिल्या चारांचं काय झालं

रंग काढायला ती शस्त्रं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवून दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासली. तासन्‌तास बुडवून ठेवलं तर पातळ रेझिन मऊ होऊन तडकतं. हे अल्कोहोल छापील धडाला लागू देऊ नये, छपाई पुसली जाऊ शकते. मोडलेला भाला सोडून बाकी तिन्ही घासून मापात आणले. चिरलेली मूठ मनगटापाशी फिरवत ओढून काढली आणि सुटी मिळणारी नवी बसवली. पांढुरका ताण आलेली मूठही बदलली: ती तुटलेली नव्हती, पण 3.18 चा बार तिच्यात आपल्या वजनानं घसरत होता.

वॉर्निश हाताला कोरडं लागलं तरी पुरतं कडक व्हायला काही दिवस जातात. तोवर शस्त्रं मुठीत दिली नाहीत. देताना भाला टोकाकडून सरकवला नाही, तसा केला तर सबंध दांड्यावर ओरखडा उठतो. कोरी पट्टी मुठीच्या तोंडाशी धरून, दांड्याला दोन्ही बाजूंनी बोटांचा आधार देत आडवा दाबून बसवला.

दोन भाले कमी पडले होते. त्यातला एक तलवारीनं भागला होता, दुसऱ्यासाठी नवी मागणी गेली आणि तिचा मजकूर पहिल्यापेक्षा बराच लांब होता. फक्त पाती, सुटी, 3 नग. बुडाशी 3.2 मिमीची खोबण, भरीव, पूर्ण धुतलेली व पिकवलेली, आधाराच्या काड्या खोबणीच्या तोंडाशी नकोत. खोबणीत खरा बार घातलेल्या प्रत्यक्ष नगाचा फोटो पाठवण्याआधी दाखवावा. पाती आली ती बारवर बसवून चंदेरी केली. तुकडी आता झाकणाच्या खोक्यात राहते. सुटी शस्त्रं पॉलिथिनच्या छोट्या पिशव्यांत वेगवेगळी ठेवली आहेत, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाहीत, कारण पीव्हीसीला मऊ करणारं द्रव्य पाझरून अॅक्रिलिक रंग चिकट करतं आणि शस्त्र पाकिटाला डकतं. लहान मुलांच्या हाती यातलं काहीच देऊ नये: रेझिनची टोकं तुटून टोचतात आणि तुकडे गिळण्याइतके बारीक असतात.